वसुबारसेची डच गाय

ती गाय आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकोणिसाव्या शतकातले डच तैलचित्र होते ते. सपाट कुरण, कालवा, भरून आलेले आभाळ आणि कडेला वासराला चाटणारी तांबडी गाय. मी तेव्हा ब्रिस्टलला डिटेक्टिव्ह होतो. अंथरुणाला खिळलेल्या एका इंग्रज आजोबांच्या खोलीतून ते नाहीसे झाल्याची तक्रार त्यांच्या मुलीने नोंदवली.

खबर शेजाऱ्याने दिली. आजोबांची देखभाल करणारी केअरर चादरीत गुंडाळलेले काहीतरी गाडीत ठेवताना त्याला दिसली होती. ही केअरर म्हणजे त्याच घरात राहणाऱ्या, साठीच्या एक मराठी बाई. बोलाल ते पुरावा म्हणून वापरले जाईल, असे रीतसर बजावून मी रेकॉर्डिंग सुरू केले. बाईंच्या बाजूला त्यांचा वकील, म्हणजे सॉलिसिटर, बसला होता. प्रत्येक प्रश्नाला बाईंचे एकच उत्तर, "नो कमेंट." कार्डिगनचे बटण मात्र त्या सारख्या पिळत होत्या. सराईत चोर इतका घाबरत नाही.

सार्जंटला चार्ज लावायची घाई झाली होती. मला काही ते पटेना. मी पुन्हा त्या खोलीत गेलो. रिकाम्या खिळ्याखालच्या फळीवर चार अक्षता आणि चिमूटभर हळद सांडलेली होती. चित्र गेले त्याच्या आदल्या दिवशी कोणता सण होता हे आठवले आणि मला हसूच आले.

दुसऱ्या जबाबाच्या वेळी मी मराठीत विचारले, "मावशी, वसुबारसेला गाय कुठे शोधलीत?"

बाईंना रडू कोसळले. "अहो साहेब, इथे गाय-वासरू कुठून आणू? समोर होती, तिलाच कुंकू लावलं. ओलं होतं, डागच पडला बघा. पेंट निघेल म्हणून पुसायला हात धजेना. क्लीनिंगला दिलंय, गुपचूप परत लावणार होते. आजोबांच्या मुलीला कळलं असतं तर जॉब गेला असता हो. मग आजोबांना कोण बघणार?"

चित्र साफ करणाऱ्याच्या दुकानात ते कुंकवाच्या डागासकट जसेच्या तसे मिळाले. मुलगी संतापलेलीच होती. आम्ही सगळे चित्र घेऊन आजोबांच्या पलंगापाशी उभे राहिलो. तोवर त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. त्यांनी गायीच्या कपाळावरच्या डागाकडे बोट दाखवले. मग बाईंना म्हणाले, "मी पाहत होतो सगळं. वासराचं राहिलं की!"

मुलीने तक्रार मागे घेतली. चोर वस्तू लपवतो आणि घाबरलेला माणूस चूक लपवतो, पण टेबलापलीकडून दोघे सारखेच दिसतात. हे मी तेव्हा शिकलो.

पुढच्या दिवाळीत आम्ही नवरा-बायको फराळ घेऊन त्या घरी गेलो. वासराच्या कपाळावरही कुंकू होते, जरा वाकडेच. बाईंनी हात धरला होता, पण लावले होते आजोबांनी.