दोन हॉर्सपावरचा करारनामा

प्रथम तारखा. त्या वर्षीची दिनदर्शिका माझ्याजवळ उरलेली नाही, म्हणून सणांच्या आधाराने सांगतो. वर्ष नव्वदीच्या दशकाच्या अखेरचे. गुढीपाडवा: तळेगावच्या घाटात माझ्या गाडीने दम सोडला आणि पत्नीला व तिच्या भावाला खाली उतरून चालावे लागले. रामनवमीनंतरचा सोमवार: वर्ध्यात मुद्रांक कागदावर करारनामा. अक्षय तृतीयेच्या आधीचा शुक्रवार: गाडी ताब्यात. त्यानंतरचा रविवार: ज्याबद्दल हे सारे लिहितो आहे तो दिवस.

आता जबाबदार व्यक्ती. एक, वर्ध्याचा एक मेकॅनिक. दोन, माझा मेहुणा. तीन, मी स्वतः. तिसऱ्याने आपला दोष पत्नीसमोर, मुलीसमोर आणि व्याह्यांसमोर कबूल केला आहे. दुसरा अजूनही दर सणाला आमच्याकडे जेवायला येतो आणि विषय निघाला की भाजीची स्तुती करू लागतो. पहिल्याने आजतागायत एक अक्षर लिहिलेले नाही.

माझी गाडी आठशे सीसीची, लहान, पांढरी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. हिंगणघाटच्या न्यायालयात लिपिक म्हणून लागून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला याहून मोठी गाडी परवडत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. प्रश्न घाटाचा होता. मुलगी अमरावतीला दिलेली. तिला सातवा महिना लागणार होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचे होते. व्याह्यांकडे जीप होती. ते अतिशय सौजन्याने म्हणाले होते की तुम्ही कशाला त्रास घेता, आमची जीप सोडून देईल. त्या सौजन्याची धार मला कळली. माझी लेक माझ्या गाडीतून माझ्या दारी येईल, एवढीच माझी इच्छा होती आणि ती मी कोणाकडे गहाण टाकणार नव्हतो.

पाडव्याला तिला भेटून परतताना घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी पहिल्या गिअरमध्येही ढकलल्यासारखी चालू लागली. पत्नी आणि मेहुणा उतरले. मेहुणा खिडकीच्या बाजूने, हात मागे बांधून, माझ्या वेगाने चालत होता. काही वेळाने तो वाकून म्हणाला, "भाऊजी, तुमी आरामानं या. मी समोरच्या मोडावर थांबून राह्यतो."

याच गृहस्थाने पुढच्या आठवड्यात मला त्या मेकॅनिककडे नेले. नवी गाडी झेपत नाही, तर आहे त्याच गाडीची ताकद वाढवून घ्यावी, आणि ती थोडक्या पैशांत वाढवणारा माणूस वर्ध्यात एकच आहे, असे त्याचे म्हणणे. त्या एकमेव माणसाने बॉनेट उघडले नाही. त्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि निदान सांगितले: "काकाजी, घोडे हायेत हिच्यात. झोपून राह्यले फक्त."

मी आयुष्यभर दस्तऐवज हाताळले होते. शब्दावर विश्वास ठेवू नये हे मला कळत होते. कागदावरही ठेवू नये हे कळायचे होते. तहसील कचेरीसमोरच्या दस्तलेखकाकडून मी रीतसर करारनामा लिहवून घेतला. इंजिनची ताकद दोन हॉर्सपावरने वाढवून देण्यात येईल. चालकासह चार माणसे बसलेली असता गाडी तळेगावचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, कोठेही न थांबता चढेल. साक्षीदार म्हणून मेहुण्याची सही. मेकॅनिकने सारे ऐकून घेतले आणि आपले एकच कलम घालायला लावले: गाडीमालक मेकॅनिकच्या सूचनेप्रमाणे गाडी चालवील. मला ते वाजवी वाटले. उलट, हा माणूस कायदा जाणतो म्हणून त्याच्याबद्दल आदर वाटला. त्या आदराची आज मला शरम वाटते.

त्याने काय केले ते सांगतो. सायलेन्सरच्या पोटातले सर्व काढून टाकले, त्यामुळे गाडी ट्रॅक्टरसारखी गर्जू लागली. एअर फिल्टरच्या डब्याला भोके पाडली. कार्बोरेटरमधले पेट्रोलचे छिद्र मोठे केले, त्यामुळे ती दुप्पट पिऊ लागली. आणि रेडिएटरच्या मागचा जो पंखा आपोआप सुरू होत असे, त्याची तार तोडून स्टेअरिंगखाली एक बटन बसवले.

"हा पंखाच अर्धी ताकद खाते, काकाजी," तो म्हणाला. "चढ लागला का बटन बंद करजो. मंग पाहाजो, सारी ताकद चाकाले भेटते."

पंखा इंजिनचे पाणी थंड ठेवतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला करार कायदा येत होता. हे अज्ञान मी लपवत नाही. पण अज्ञानाचा पगार मी घेत नव्हतो, तो घेत होता.

चाचणी पवनारच्या सपाट रस्त्यावर झाली. हॉर्सपावर मोजायचे त्याचे उपकरण म्हणजे माझी पाठ. ती सीटला चिकटली का, असे त्याने विचारले. चिकटली, असे मी सांगितले. मेहुण्याचीही चिकटली. दोन पाठींच्या पुराव्यावर दोन हॉर्सपावर सिद्ध झाले.

त्या रविवारी अमरावतीहून निघायला अकरा वाजले. व्याह्यांची जीप फाटकात धुऊन उभी होती. मी ती पाहिली नाही असे दाखवले. मागे मुलगी आणि पत्नी, पुढे माझ्याशेजारी मेहुणा. वैशाखाचे ऊन असे होते की खिडकीवर कोपर ठेवता येत नव्हते. घाट सुरू होताच मी, करारनाम्यातील कलमाला जागून, बटन बंद केले. खोटे कशाला सांगू, पहिले वळण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली. मेहुणा मागे वळून भाचीला म्हणाला, "पाह्यलं? जागे झाले घोडे." मुलगी हसली. ते हसू मी आरशात पाहिले आणि तपमानाच्या काट्याकडे पाहिले नाही.

तिसऱ्या वळणावर आधी जळका वास आला, मग बॉनेटच्या फटींतून वाफ, मग आतून एक दणका. गाडी थांबली ती थांबलीच. इंजिनातले पाणी अडवणारे हेड गॅसकेट फुटले होते, हे नंतर कळले. सात महिन्यांची गर्भार मुलगी रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर, डोक्यावर पदर ओढून बसली. आमच्याजवळ पाण्याची एकच कॅन होती. ती रेडिएटरमध्ये ओतावी म्हणून मेहुण्याने हात पुढे केला. पत्नीने कॅन आपल्याकडे ओढली.

"हे पाणी पोरीचं हाय," ती म्हणाली. "गाडीले दुसरं पाहा."

तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. थोड्या वेळाने मुलगीच म्हणाली, "बाबा, एसटी थांबवा." मी रस्त्याच्या मध्यभागी उभा राहून दोन्ही हात वर केले. वाहकाने पुढची जागा रिकामी करून दिली. मायलेकी गेल्या. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिच्यावरून भाकरतुकडा शेजारणीने ओवाळला आणि मी एका ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधलेल्या गाडीत, तिचे स्टेअरिंग धरून, तळेगावात शिरत होतो. नातू सुखरूप झाला. बाळंतिणीला परत न्यायला व्याह्यांची जीप आली. मी आक्षेप घेतला नाही. आक्षेपाचा अधिकार मी घाटात सोडून आलो होतो.

मेकॅनिकपुढे मी करारनामा ठेवला. त्याने तो वाचलाही नाही. "बटन बंद करजो म्हटलं होतं, काकाजी," तो म्हणाला. "वापस चालू काऊन नाई केलं?" वापस चालू करण्याविषयी करारात, तोंडी सूचनेत किंवा बटनावर काहीही नव्हते. रजिस्टर्ड पोस्टाने मी त्याला पाच पत्रे पाठवली. पाचही पोचपावत्यांवर त्याची सही आहे, उत्तर एकही नाही. माझ्या वकील मित्राने कागद वाचून परत केला. परवानगीवाचून गाडीत फेरफार करणे मुळात बेकायदा, तो करार न्यायालयात दाखवलास तर पहिला जाब तुलाच विचारतील, असे तो म्हणाला. ते खरे होते. कोर्टाचा दरवाजा मी माझ्याच हाताने बंद केला होता.

म्हणून आता उरली ती उघड विचारणा. तो माणूस आज नव्या शतकातही लोकांच्या लहान गाड्यांत घोडे जागे करतो आहे आणि त्या गाड्यांतही कोणाच्या तरी मुली बसतात. माझी मागणी नुकसानभरपाईची नाही. त्याने आपल्या गॅरेजसमोर, दिवसाढवळ्या, गिऱ्हाइके उभी असताना एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: पंखा बंद ठेवून उन्हाळ्यात घाट चढल्यास इंजिन उकळते, हे तुला त्या दिवशी ठाऊक होते की नव्हते? ठाऊक होते, तर माझ्या मुलीला तू जाणूनबुजून त्या घाटात बसवलेस. ठाऊक नव्हते, तर तू मेकॅनिक नाहीस. यातले कोणते, ते त्याने स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने आणि चार लोकांसमोर सांगावे.