स्टुलावर एक पाय

आईच्या स्वयंपाकघरातलं चित्र रोज सकाळी वीस मिनिटं काळं पडायचं. सगळं तिथून सुरू झालं.

आई रोह्याजवळच्या गावात एकटी राहते, मी पेणला. वडील गेल्यावर "पेणला चल" म्हणून सांगून झालं. तिचं उत्तर एकच, "नि माझे वाल कोण काढील? तू?" मग मी तिच्या स्वयंपाकघरात, फळीच्या वर, कॅमेरा बसवला. पेणला बसल्या बसल्या मला फोनवर आई दिसायची. कॅमेऱ्यातून बोलताही यायचं. "आई, गॅस बारीक कर." "आई, फरशी ओली आहे, जपून." आई दचकून वर बघायची. आपण किती काळजीवाहू, या विचाराने माझा ऊर भरून यायचा.

आणि मग हे काळं पडणं. ऑफिसच्या तयारीत मधूनच फोन बघायचो : साडेसातला चित्र गेलेलं असायचं, आठच्या आत परत आलेलं. आईला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाऊक? यंत्र तुझं हाय."

ऑफिसातल्या सहकाऱ्याला सांगितलं. तो गंभीर झाला. "कुणीतरी आत शिरतंय. लोकांच्या घरातली चित्रं बाहेर जातात, माहितीय ना?" त्या दिवशी डबा तसाच परत आणला. खोबरं किसणारी माझी आई कुठल्या तरी परक्याच्या फोनवर!

रविवारी जाऊन मी तिच्या राउटरवरच व्हीपीएन बसवलं. म्हणजे घरातलं सगळं इंटरनेट आधी एका झाकलेल्या वाटेने जाणार, वाटेत कुणाला काही दिसणार नाही. पहिला महिना फुकट होता. सेटिंगमध्ये एक चौकट होती : ही वाट बंद पडली, तर घराचं इंटरनेटच बंद करायचं का? मी छाती फुगवून खूण केली. खाडीच्या बांधाला एक भोक राहिलं तरी शेत खारं होतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

बायको म्हणाली, "अहो, त्या घरात चोरायला आहे काय? वालाचं पोतं?"

"तुला नाही कळायचं."

हे वाक्य मी लग्नापासून जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा मलाच काही कळलेलं नव्हतं, असं नंतर निघालंय.

चित्र काळं पडायचं काही थांबलं नाही. चोर मोठा हुशार दिसतोय, असा निष्कर्ष मी काढला.

महिन्याभराने एका सकाळी साडेसातला फोन उघडला, तर चित्र काळं नव्हतं. थिजलेलं होतं. आईचा एक पाय स्टुलावर, दुसरा अधांतरी. डावा हात फळीला, उजवा वर, थेट माझ्याकडे, पण अंधूक. खाली अक्षरं : कॅमेरा ऑफलाइन.

पाच मिनिटं थांबलो. आई तशीच. फोन लावला, "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". तिच्या घरात मोबाइलला रेंज नसते. फोन वायफायवरून लागायची सोयही मीच करून दिलेली. शेजारचा धाटावच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेलेला, फोन कंपनीच्या गेटवर जमा. त्याची बायको माहेरी. पुन्हा आईचा फोन, पुन्हा तीच बाई, तोच आवाज.

बायकोने चित्र पाहिलं. टोमणा मारला नाही. "निघा तुम्ही. पोचलात की कळवा," एवढंच म्हणाली. त्यानेच मी जास्त घाबरलो.

स्कूटर काढली. वडखळला ट्रकांची रांग. पुढे गडब गावात एका टपरीपाशी थांबून परत फोन लावला. चित्रात पाय अजून अधांतरीच. टपरीवाला म्हणाला, "दादा, पाणी पिता का? तोंड उतरलाय तुमचा." मी मान हलवली नि निघालो. डोळ्यांसमोर स्टूल नव्हतं, त्याच्या बाजूचा कडाप्प्याचा ओटा होता. त्याची कड. दीड वर्षापूर्वी तिथे माझंच कोपर फुटलेलं, आणि आई म्हणालेली, "ही कड एक दिवस कुणाला तरी घेईल." नागोठण्याच्या पुढच्या खिंडीत मी मोठ्याने "आई, उतर" म्हणालो. बाजूने जाणाऱ्या बाइकवाल्याने वळून पाहिलं.

घराचं दार आतून बंद. कडी वाजवली. हाका मारल्या. आतून काही नाही. खिडकीतून स्वयंपाकघराचा कोपरा दिसत होता : स्टूल उभं होतं, त्याच्यावर कुणी नव्हतं. मी घराला वळसा घालून मागे धावलो, चप्पल कुठे राहिली कळलं नाही.

मागच्या पडवीत आई पाय पसरून बसली होती. मोड आलेले वाल सोलत.

"तू? आज सुट्टी हाय?"

मी पायरीवर बसलो नि फोन तिच्यापुढे धरला. तिने स्वतःलाच निरखलं.

"बया! ही मीच व्हय?"

"स्टुलावर कशाला चढलीस? काय काढत होतीस?"

"काढत नव्हते. घालत होते." आतून ती एक टोपडं घेऊन आली. माझ्या मुलीचं, बाळपणीचं, बांधायचे बंद असलेलं. "न्हायला जाताना ह्याला घालते. ओल्या केसांनी, लुगडं सावरत, त्याच्यासमोर कशी उभी राहू? वेणीफणी झाली की काढते."

"रोज चढतेस?"

"दोनदा. घालताना नि काढताना." ती वाल सोलायला लागली. "आज चढले नि त्याचा हिरवा दिवा लाल झाला. म्हटलं, बरं झालं, आज कुणी बघत नाय. उतरले. मोकळी बसलेय सकाळपासनं."

आत जाऊन राउटर पाहिला. फुकटचा महिना संपला होता, वाट बंद पडली होती आणि माझ्या त्या खुणेने इमानाने सगळं घर बंद करून टाकलं होतं.

"मला सांगायचंस की!"

"तू एवढ्या हौसेनं लावलास. वाईट वाटलं असतं तुला."

मी कॅमेरा काढायला स्टुलावर चढलो. ते डगमगलं. एक पाय आखूड होता. मी फळी धरली, खाली ओट्याची कड दिसली, आणि आईने दोन्ही हातांनी माझी पोटरी गच्च पकडली. "सावकाश रे. मी धरलाय." मी थोडा वेळ वरच थांबलो. खाली उतरून तिच्याकडे बघणं जमलं नसतं.

आता ठरलंय ते आईने ठरवलंय. मागच्या पडवीत एक कांडी रेंज येते. वेणीफणी झाली की ती तिथून मिस्ड कॉल देते. "उचलायचा नाय," तिने बजावलं. "वाजला की समजायचं, मी हाय."

पहिल्या सकाळी मी फोन टेबलावर ठेवून बसलो. आठ वाजले. आठ पाच. बायको चहा घेऊन शेजारी येऊन बसली. आठ दहाला वाजला. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी उचलला.

"उचललास कशाला?" आई पलीकडून ओरडली आणि फोन कट केला.