अकरा खोडलेले आकडे

माझ्या आत्याचा पाय कधी एका जागी ठरला नाही, आणि नोकरी मिळाली ती नेमकी खुर्चीला खिळून बसायची. वेधशाळेत उपग्रहाकडून येणारे आकडे ती धान्य निवडावं तसे निवडायची. वहीतल्या खराब आकड्यावर पेन्सिलीने रेघ, उरलेले शास्त्रज्ञांकडे. खोडलेलं परत कोणी बघत नसे.

तिच्या सरांचा जीव दोन अवाढव्य ताऱ्यांत अडकला होता. दोघे एकमेकांभोवती फिरतात, दोघांच्या अंगातून सोसाट्याचे वारे सुटतात, आणि ते मध्ये एकमेकांवर आपटून तापले की क्ष-किरण निघतात. दर नऊ वर्षांनी हे तारे अगदी जवळ येतात. तेव्हा किरण वाढत वाढत जाऊन एकदम मावळणार, असं सर छातीठोकपणे सांगायचे. वेळ आली, किरण वाढलेही, पण मावळल्याची नोंद काही सापडेना. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. सर मान खाली घालून निवृत्त झाले.

नऊ वर्षांनी आत्यासमोर तेच आकडे चढले आणि धाडकन कोसळले. "उपग्रहावरचं यंत्र बिघडलंय," सगळे म्हणाले. पण आत्याला आठवलं, मागच्या वेळीही ते असेच कोसळले होते. तेव्हा यंत्र आदल्याच आठवड्यात खरोखर बिघडलं होतं, म्हणून तिने मागचापुढचा विचार न करता अकरा आकडे खोडले होते.

दोन दिवस ती घरभर येरझाऱ्या घालत होती. दूध दोनदा उतू गेलं. शेवटी तिने मला खोडलेल्या आकड्यांचं सांगितलं.

"गप्प बस ना," मी म्हणालो. "कोणाला कळणारे?"

"अरे, एकदा पडले तर यंत्र म्हणतील. दोनदा पडले तर तारेच! आणि पुढच्या खेपेला सर असतील का?"

मला माझीच लाज वाटली.

भर दुपारी आम्ही जुनी वही घेऊन सरांच्या घरी गेलो. आत्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सरांनी त्या रेघांवरून एकदा बोट फिरवलं आणि वही तिच्याकडे परत सरकवली.

"राग मला नंतर येईल, बाई. आधी आकडे वाचा."

ती वाचत गेली, ते लिहीत गेले. सातवा आकडा त्यांनी तिला पुन्हा वाचायला लावला.

राग आला, आणि तो गेलाच नाही. लेख छापून आला तेव्हा आत्याचं नाव त्यांनी स्वतःच्या आधी घातलं होतं. तिच्याशी मात्र ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.