केशरबाईने लपवलेलं मरण

"देल्लं तं दान, नेलं तं लूट."

केशरबाई हे वाक्य येता-जाता बोलायची. पोरांनी तिच्या बांधावरची बोर झोडपली तरी बोलायची, शेजारणीने न विचारता तिचं सूप उचललं तरी बोलायची. मागितलं तर अंगावरचं लुगडं फाडून देईल, अशी बाई. पण न विचारता कोणी काडी हलवली की तिच्या कपाळाची शीर उभी राहायची.

आसेगावपासून कोसभर आत आमचं गाव. गावाच्या उगवतीला बौद्धांची वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला तिचं घर. नवरा देवमन, मुलगा गोविंदा, सून. मुलगी विमल मेडशीला दिलेली. नाल्यापलीकडे हलक्या जमिनीचा एक तुकडा होता. त्यात जे येईल ते, आणि बाकी दुसऱ्याच्या वावरात मजुरी.

देवमनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा तो बांधाला हात लावून चालायचा. मंगरुळला डोळ्यांचं शिबिर लागलं, तिथे त्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून तो घरी आला. त्याने आधी बैल पाहिले, मग चुलीतला जाळ पाहिला, आणि मग बायकोकडे पाहून म्हणाला, "केशर, तू तं म्हातारी झाली वं."

"तुमी आंधये होते तवाच मी बरी होती," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

शिबिरातल्या डॉक्टरने त्याला एक गोष्ट सांगितली होती. मेलेल्या माणसाच्या डोळ्यावरची काच जिवंत माणसाला बसवता येते. देवमनने ती गोष्ट सोन्याच्या मण्यासारखी जपून घरी आणली. कारण भिंतीला भिंत लागून रुपाबाईचं घर होतं, आणि रुपाबाईच्या बेबीचे डोळे देवीत गेले होते. बुबुळावर दुधाची साय धरावी तसे. देवमन तिला म्हणाला, "मी मेलो की माह्ये डोये तुह्ये."

पोर लहान होती. तिने ते खरं धरलं. रोज सकाळी कुडाशी येऊन विचारायची, "काका, आज तब्येत कशी हाय?"

"आज तं ठीक हाय बेटा."

"बरं," असं म्हणून ती जायची. तिच्या आवाजात जी जराशी निराशा असायची तिच्यावर वस्ती हसायची, आणि देवमन सगळ्यांत मोठ्याने हसायचा. केशरबाई मात्र भाकरी थापता थापता थांबायची.

मग आणीबाणीतलं ते साल आलं. बाजाराच्या दिवशी गोविंदा मिरच्यांचं बी आणायला गेला आणि वेशीपाशी एक सरकारी गाडी उभी होती. त्याचं लग्न होऊन वर्ष झालेलं, पाळणा हललेला नव्हता. तो ओरडून सांगत होता. कोणी ऐकत नव्हतं. संध्याकाळी तो घरी आला तो भिंत धरत धरत. त्याची नसबंदी झाली होती. तो घरात न शिरता गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर डोकं ठेवून उभा राहिला.

त्या दिवसापासून केशरबाईच्या पोटात भीतीने घर केलं. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून दाराची कडी लावायची. वावरातला वारा तुरीच्या वाळल्या शेंगा खुळखुळवायचा, तरी तिला कोणी कुजबुजल्यासारखं वाटायचं. आणि अशा भुईत अफवा लवकर रुजते. हिवाळ्यात कोणीतरी बातमी आणली: आता सरकारचा नवा कायदा आहे. जिवंत माणसाचं घेऊन झालं, आता मेलेल्याचं घेणार. घरात मयत झाली की गाडी येणार आणि डोळे काढून नेणार. नाही म्हणाल तर मातीला परवानगी नाही.

कोणी पाहिलं नव्हतं. पण गोविंदाला नेईपर्यंत तेही कोणी पाहिलं नव्हतं.

शिमग्याच्या आधी देवमन दम्याने खाटेला खिळला. तो बायकोला म्हणाला, "केशर, मी गेलो की पह्यले आसेगावच्या डॉक्टरले सांगावा धाड. मंग विमलले. म्या पोरीले शब्द देल्ला हाय."

केशरबाईने मान हलवली. मरणाऱ्या माणसापुढे कोण नाही म्हणतं? पण ती मान हलवताना तिचे डोळे दाराकडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गावातली माणसं वावरात निघाली तेव्हा, देवमनचा श्वास थांबला. सुनेने तोंड उघडलं, आणि केशरबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"रडू नोको. एक आवाज गेला तं गाडी येईन."

"माय, बाबानं डॉक्टरले सांगाले लावलं होतं," गोविंदा म्हणाला.

"तुले नेलं तवा तुले विचारलं होतं कोणी? तुह्या बापाले कोणी विचारणार नाही. यायले फाडतीन."

गोविंदा बैल सोडायला गोठ्यात गेला. त्याच्याही अंगाला तोच काटा होता.

आमच्याकडे मयत झाल्याचं गावाला सांगावं लागत नाही. बायकांचा गळा सांगतो. केशरबाईने तो गळाच बंद केला. तिने ओट्यावर उखळ ठेवलं, वाळल्या मिरच्यांचं गाठोडं सोडलं आणि सुनेच्या हातात मुसळ दिलं. तिखटाचा ठसका गल्लीभर पसरला. जाणारे-येणारे नाक धरून म्हणत, "मारून टाकता काय बाई गावाले?" सून कुटत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि कोणाला काही वाटलं नाही. आत केशरबाई नवऱ्याला कपडा ओला करून पुसत होती. तिने त्याच्या पापण्या बोटांनी मिटल्या आणि बोटं तिथेच ठेवली, जणू उचलली तर कोणी हिसकून नेईल.

देवमनला पांढऱ्या धोतरात गुंडाळून मायलेकांनी बैलगाडीत ठेवला. वरून तुराट्यांचे भारे रचले. गोविंदाने गाडी हाकली. केशरबाई मागून चालली, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन, रोजच्यासारखी. वाटेत भेटणाऱ्याला ती "जयभीम" म्हणत होती. चाक दगडावर चढलं की भारे हलायचे, आणि ती एक हात घागरीवरून काढून भाऱ्यांवर ठेवायची.

एक चूक मात्र तिच्याकडून झाली. त्या दिवसांत तुराट्यांच्या गाड्या गावात पुष्कळ दिसतात. पण त्या वावरातून घराकडे येतात. जळणाला, कुडाला. घरच्या तुराट्या परत वावरात कोण नेतो? पुरुषांच्या ते ध्यानात आलं नाही. नाल्यावर धुणं धूत असलेल्या रुपाबाईच्या आलं.

वावरात खड्डा अर्धा खणून झाला होता तेव्हा केशरबाईने वळून पाहिलं. धुऱ्याच्या बांधावर रुपाबाई उभी होती. केशरबाई गाडीला पाठ लावून हात पसरून उभी राहिली.

"कायले आली वं? डोये मागाले?"

रुपाबाई खाली आली, भाऱ्यांखालून दिसणाऱ्या धोतराच्या काठाला तिने हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"वयनी, मी मागाले नाही आली. भाऊचं तोंड तं पाहू दे."

"तू कोणाले सांगशीन."

"कोणाले सांगू? मी मागंच गेल्ती आसेगावच्या डॉक्टरकडं. तो म्हणे, बाई, इकडं डोये नेणारंच कोणी नाही. कायदा नाही अन् गाडी नाही. कोणी हौसेनं द्यायचे म्हणलं तरी घ्यायले मानूस नाही."

केशरबाईचे हात हळूहळू खाली आले.

"मंग तू यायले सांगतलं काहून नाही?"

"पोर त्या बोलण्यावर जेवत होती, वयनी. अन् भाऊही."

दोघींनी मिळून भारे उतरवले. रुपाबाईने तोंड पाहिलं. गोविंदाला त्रिशरण पाठ होतं, पण पहिल्या ओळीपुढे त्याचा आवाज गेला नाही; उरलेलं रुपाबाईने म्हटलं. माती लोटताना केशरबाईच्या तोंडून पहिल्यांदा हुंदका फुटला. नसलेल्या गाडीला भिऊन तिने नवऱ्याला चोरीच्या मालासारखा गाडला होता. विमलला बापाचं तोंड दिसलं नाही.

विमल आली आणि आईवर एका शब्दानेही रागावली नाही. ते केशरबाईला जास्त लागलं.

सरकार बदललं, गाड्या बंद झाल्या, पण तिची भीती गेली नाही. तिने फक्त जागा बदलली. आता ती म्हणायची, मेलेल्याची जबान जित्यांच्या हातात असते. त्यांच्यासंगं म्या जे केलं, तेच माह्यासंगं होईन.

पुढच्या वर्षी मंगरुळला पुन्हा शिबिर लागलं. केशरबाई एकटीच गेली, डॉक्टरपुढे बसली आणि मेल्यावर आपले डोळे बेबीला द्यायचे, असं तिने सांगितलं. आता अकोल्याहून माणूस बोलावता येईल, असं तो म्हणाला. पण घरच्याने त्याच घडीला कळवायला पाहिजे. उशीर झाला की डोळा मातीचा. आणि घरचा नाही म्हणाला तर आम्ही हात लावत नाही, बाई. जबरदस्ती नाही.

घरी येऊन तिने गोविंदाला सांगितलं. तो जेवत होता. घास तसाच ताटात ठेवून तो म्हणाला, "माह्या अंगावर एकदा चाकू फिरला. आता तुह्या अंगावर मीच बोलावू?"

"तुले कोणी विचारलं नव्हतं बेटा. मले विचारलं."

"मी कोणाले सांगावा देणार नाही, माय. तू मेली तं मी दार लावीन अन् तिखट कुटाले लावीन."

हे तो दुष्टपणाने बोलला नाही. बोलता बोलता त्याची नजर दाराच्या कडीवर गेली होती. केशरबाईने ती नजर पाहिली आणि तिला कळलं की या घरात भीती आता तिच्यापेक्षा मोठी झाली आहे, आणि ती तिनेच वाढवली आहे. तिने मुलाच्या डोक्यावर हात फिरवला. मग उठून गाठोडं बांधू लागली.

विमलचं मेडशी अकोल्याच्या सडकेवर. तिथून दिवसभर एस.टी. जातात, सांगावा लवकर पोहोचतो. आणि सांगावा धाडायला विमलने होकार दिला होता. एवढंच कारण. लोक म्हणाले, म्हातारी मुलाशी भांडून लेकीच्या दारी चालली.

निघताना तिने बेबीला जवळ घेतलं. पोरगी आता मोठी झाली होती, तिला सगळं समजत होतं. "काकी, तुमी जपून राहा," ती म्हणाली. केशरबाईने तिच्या पांढऱ्या डोळ्यांवर ओठ टेकले.

मग ती फाट्याकडे निघाली. गाठोडं काखेत, चाल मंद. मागून एखादी मोटार आली की ती अजूनही रस्त्याच्या कडेला होऊन पदर घट्ट धरायची, धूळ बसेपर्यंत थांबायची आणि पुन्हा चालायची. गोविंदा गोठ्याच्या दारात उभा होता. त्याने हाक मारली नाही आणि तो आतही गेला नाही. रुपाबाई कुडापाशी उभी राहून पाहत होती. बेबीने तिचा हात धरला होता आणि ती विचारत होती, "कुठंवर गेल्या वं, माय?" रुपाबाई सांगत होती. नाला ओलांडला. बाभळीपाशी गेली. आता वळली.