चौथ्याचा वाटा

डिसेंबरातलं धुकं काजूच्या पानांवरून टपटपत होतं. ओरोसला बसमधून उतरून सेवरीना प्राणिगृहात शिरली, रबरी चपला सरकवल्या आणि सहा उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा बदलायला घेतला. दहा वर्षं हेच काम.

या सहाजणांचं खाणं पाण्यापलीकडे. नळीतून पोहत जायचं, एक दाणा तोंडात धरून परत यायचं. कुणी शिकवलं नव्हतं, तरी आठवड्यात कामं वाटली गेली. तिघे आणणारे, तिघे हिसकावणारे. शेपटीवर चाराची खूण असलेला सगळ्यांत आधी उतरायचा, आणि जाडा सहावा त्याचा दाणा हिसकावायला काठावर टपलेला. अक्षया मॅडमचं संशोधन यावरच चाललं होतं.

आजही चौथा उतरला नाही.

"सेवरीनाबाय, तुझो हमाल संपार गेलो गो!" पलीकडे पिंजरे धुणारा दीपेश हसला.

मॅडम हसल्या नाहीत. चौथ्याचं पोट चाचपत म्हणाल्या, "तिसरा दिवस. संसर्ग असणार. सहाही काढावे लागतील, बाराच्या आत. शेजारच्या खोलीत अजून साठ आहेत."

काढणं म्हणजे काय, ते इथे कुणी विचारत नाही. दीपेश गॅसची पेटी घेऊन आला. अकरा वाजून गेले होते.

सेवरीनाच्या कायम नेमणुकीचं पत्र मॅडमच्या टेबलावर सहीची वाट बघत होतं. बोललं तर सही गेली. नाही बोललं तर हे सहाजण.

चौथ्याला एका हातात धरून मॅडमनी पेटीचं झाकण उघडलं.

"मॅडम, त्याला काही झालेलं नाही..." कचेरीतली मराठी तिथेच संपली. "मी तेका सुकट घातलंय. चार दिस. वजनाक भायर काढतंय, तेवा. आता तो पाण्यात कित्याक जायत? वजनाची वाट बघता."

"का पण?"

"माझो बापूस रापणीक होतो, किनाऱ्यार जाळा वडूक. थंय दोरयेक हात लावता तेका वाटो गावता. हो पाण्यात जाय, नि तो जाडो बसान खाय. माका बघवला नाय."

एप्रनच्या खिशात चिमूटभर सुकट होतीच. तिने ती पुढे धरली. मॅडमच्या हातातून चौथा जवळजवळ उडीच मारून आला आणि कराकरा खाऊ लागला. आजारी जीव असा खात नाही, हे मॅडमनाही कळलं. त्यांनी पेटी बंद केली.

"चार दिवसांच्या नोंदी फुकट गेल्या, सेवरीना."

"होय मॅडम."

"या खोलीची किल्ली द्या. पत्रावर सही करते, पण उद्यापासून नाही, आत्तापासून तुम्ही धुण्याच्या खोलीत."

सेवरीनाने किल्ली काढून दिली. चौथ्याकडे तिने बघितलं नाही.

धुण्याच्या खोलीत पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पडला होता. तिने बाह्या वर केल्या. इतक्यात दीपेशने दारातून डोकं घातलं.

"गे बाय, जाडो उपाशी रवान स्वताच पाण्यात उतरलो! दाणो हाडल्यान, नि पाचव्यान तोंडातसून वडून घेतल्यान!"

"बरा झाला," सेवरीना म्हणाली, आणि पहिल्या बाटलीत ब्रश घातला.