पांढऱ्या शर्टावरचं खोटं रक्त

तुम्ही आयुष्यात मोठं असं काय पाहिलंत, असं लाँड्रीवाल्या काकूंना कुणी विचारलं तर त्या समुद्र सांगत नाहीत, डोंगर सांगत नाहीत. हातातली इस्त्री उभी ठेवतात आणि म्हणतात, "मी एका माणसाचं मुंडकं उडताना पाहिलंय. तिकीट काढून!" समोरचा आ वासतो आणि काकूंची कळी खुलते.

ते मुंडकं उडवणारा रॉक बँड शहरात आला तेव्हा त्यांची लेक शाळेत होती. बाप गेल्यापासून पोरगी शब्दाला महाग झाली होती. आईने विचारायचं, तिने मान हलवायची, बास. आणि एके दिवशी तीच आपणहून दुकानात येऊन म्हणाली, "आई, मोठं माणूस बरोबर नसेल तर आत सोडत नाहीत. येशील?" आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी काकूंची गत झाली.

लेकीने कोरा पांढरा शर्ट चढवला.

"अगं, गर्दीत पांढरं कशाला? मळेल."

"तिथे पांढरंच घालतात, आई."

काकूंनी आपला जुना काळा कोट घातला. धंदाच असा, की मळखाऊ रंगावर त्यांचा भारी जीव.

एरवी शाळांची बक्षीसवाटपं व्हायची त्या हॉलमध्ये शवपेटी ठेवलेली! तिच्यातून तोंडाला चुना फासलेला गायक उठला, बाहुल्यांचे हातपाय तोडत घसा फाटेस्तोवर ओरडला. "याची आई काही बोलत नाही का याला?" काकूंनी लेकीच्या कानात विचारलं. शेवटी त्याने स्टेजवरच्या शिरच्छेदाच्या यंत्रात पात्याखाली मान दिली, पातं खाली आलं, मुंडकं टोपलीत पडलं आणि या दोघींसकट पुढच्या रांगांवर लाल रंगाचे फवारे उडाले. "अगं बाई गं!" काकू किंचाळल्या. लेकीने त्यांचा हात घट्ट धरला आणि हसत सुटली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मेलेला गायक उठून वाकून नमस्कार करून गेला, तरी तिने हात सोडला नाही. बसमध्येही नाही.

सकाळी लेक झोपलेली, आणि खुर्चीवर तो लालभडक शर्ट. काकूंचा जीव खालीवर झाला. रंग वाळला की बसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पोरीने आपल्याला एवढी संध्याकाळ दिली, आपणही तिच्यासाठी काही करावं, म्हणून त्यांनी शर्ट भिजवला, हलक्या हाताने घासला, खळ देऊन कडक इस्त्री केली. बगळ्यासारखा पांढरा.

"आई, हे काय केलंस? तो डाग अंगावर घ्यायलाच तर जातात तिथे! जन्मभर ठेवणार होते मी!"

लेक आत गेली, दार लागलं. पुन्हा मान हलवणं सुरू. आपण डाग नाही, पोरीची संध्याकाळच धुऊन काढली, असं काकूंच्या मनाने घेतलं.

मग एका दुपारी त्यांनी इस्त्रीला पाणी मारायच्या बाटलीत लाल रंग कालवला आणि शर्ट टेबलावर पसरला. जन्म गेला डाग काढण्यात, पाडायला कुठून येणार? छापील कापडासारखे एकसारखे ठिपके उठले. तेवढ्यात शाळेतून लेक आली.

"काय चाललंय?"

"नीट पडत नाही गं," काकू रडवेल्या झाल्या. "सगळे सारखेच पडतायत."

लेकीने दप्तर खाली टाकलं. मग तिने तो ओला शर्ट अंगात घातला आणि समोर उभी राहिली. "उभ्या माणसावर मारायचं असतं. आणि आधी ओरडायचं."

काकू अशा ओरडल्या, की शेजारचा चांभार हातोडी घेऊन धावत आला. तोवर बाटली लेकीच्या हातात गेली होती आणि काकू टेबलाभोवती पळत होत्या. "गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर नको गं, मेले!" दोघी नखशिखान्त लाल. चांभार बिचारा आल्या पावली परत गेला.

"पुढच्या वेळी तूही पांढरं घाल," लेक धापा टाकत म्हणाली.

पुढची वेळ आली नाही. बँड मोडला. लेक शिकायला दूर गेली आणि तिकडचीच झाली. फोन करते, भरभरून बोलते. काकूंनी मात्र दुकानात रंग उडाला त्याच आठवड्यात आपल्या मापाचा एक पांढरा शर्ट आणून ठेवला होता. त्याची घडी मोडायची राहिली.