तिनं सोललेल्या कळ्या

जवळ ये गं पोरी. पुण्यात बसून वाचशील, तरी माझ्यापाशी बसल्यासारखं वाच. आजीचा फोन असा मधेच कट करतात का? एवढ्या मोठ्या कंपनीत इंग्रजी शिकून राह्यलीस, तिथं हे शिकवत न्हाईत?

परवा तूच म्हणालीस, "आजी, परीक्षा आहे. एक वाक्य दे. मागं असं झालं असतं, तर आज तसं असतं, या तऱ्हेचं." म्हटलं, कंपनीला कशाला लागतं असलं? "अगं, गिऱ्हाइकाला लिहावं लागतं. तुम्ही ऑर्डर वेळेवर दिली असती, तर आज माल तुमच्या गोदामात असता."

"हे तर भांडणच झालं की."

"भांडणच, पण साहेबी," म्हणून हसलीस.

मंग मी आपलं कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटातलं सांगितलं. काल कळी सोलली असती, आतला नराचा भाग काढला असता, तर आज तिला नराचं फूल लावता आलं असतं. मंग म्हणालीस, "तू त्या दिवशी घरी थांबली असतीस, तर आज मी घरी येत असते." अन् फोन बंद.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. आदल्या संध्याकाळी तुझी आई प्लॉटातून आली, हातपाय धुतले अन् अंगणातच पडली. उठली न्हाई. सकाळी सगळे तुझी वाट बघत बसलेले, तू गाडीत. मला रडू येतच नव्हतं. डोक्यात एकच, तिनं काल सोललेल्या कळ्या. सकाळी नराचं फूल लावलं न्हाई तर त्या गळून जातात. मी गेले. शेजारीण बांधावरून ओरडली, "सुनेचं मढं दारात, अन् म्हातारी फुलं लावून राह्यली!" बराबर ऐकलं मी. पण हात थांबले न्हाईत. तिनं खुणेला लावलेला लाल कागद दिसला की फूल घासायचं, पुढं जायचं. परत आले तर तू दारात. तू माझ्या तोंडाकडं न्हाई, पिवळ्या झालेल्या बोटांकडं बघितलंस.

बोंडं धरली. बी कंपनीनं नेलं. मला तेव्हा काही वाटलं न्हाई, अजूनही वाटत न्हाई. तिनं शेवटची सोललेली ती ओळ आली की नुसती उभी राहते.

औंदाही प्लॉट लावलाय. कळी सोलायला माझी नजर पुरत न्हाई. परीक्षा झाली की बदनापूरला उतर. बोलायचं नसलं तर बोलू नको, ओळीत माझ्या पुढं चाल. जल्दी ये गं.